पाहणे आणि दिसणे

मराठीत 'पाहणे' आणि 'दिसणे' ही क्रियापदे दोन वेगळ्या घराण्यांतली आहेत, हे आम्ही व्याकरणाच्या तासाला दरवर्षी सांगत आलो आहोत. 'मी चंद्र पाहिला' या वाक्यात 'मी'कडे कर्तेपण आहे. त्याने मान वर केली आहे, नजर रोखली आहे. 'मला चंद्र दिसला' असे म्हटले की चंद्र कर्त्याच्या जागी जाऊन बसतो आणि 'मी' बिचारा चतुर्थीचा 'ला' लावून बाजूला उभा राहतो. भूक लागते, ठेच लागते, एखादी गोष्ट आठवते, एखादे माणूस आवडते, या सगळ्या वाक्यांत माणूस असाच बाजूला उभा असतो. जे आपल्या हातात नाही ते मराठी भाषा आपल्या हातात देत नाही. विद्यार्थी हे टिपून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. आम्हीही ते फार गंभीरपणे घेतले होते असे नाही. मात्र २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत उत्तर नॉर्वेमध्ये ध्रुवीय प्रकाशाची वाट पाहताना या दोन क्रियापदांमधले अंतर आमच्या दृष्टीने वर्गाबाहेरचे झाले.

'आम्ही' म्हणजे दोघे. एम.ए.ला एकाच बाकावर होतो, आता एकाच विभागात शिकवतो, आणि आकाशदर्शनाचे वेडही एकत्रच लागले. नोव्हेंबर २००१मध्ये सिंह राशीतल्या उल्कांचा जो वर्षाव झाला तो आम्ही सह्याद्रीतल्या एका पठारावर, एकाच सतरंजीवर पडून पाहिला होता. तेव्हापासून दर हिवाळ्यात अमावास्येच्या आसपास कुठल्या तरी माळावर जाणे हा नियम झाला. गेल्या काही वर्षांत आमच्यापैकी एकाला देवयानीतली दीर्घिका दिसेनाशी झाली. ती मुळातच धुरकट ठिपक्यासारखी असते, म्हणून प्रथम दोष शहराच्या वाढत्या उजेडाला दिला. पुढे सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधतीही जाऊ लागली, आणि अंधारात पायरी चुकू लागली. दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार आहे, असे निदान झाले. यात आधी अंधारातली आणि कडेची दृष्टी जाते. मधली, उजेडातली, रंग ओळखणारी दृष्टी बराच काळ टिकू शकते. किती काळ, ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि न सांगण्यात त्यांचा प्रामाणिकपणाच असतो.

आकाशनिरीक्षकाला पहिला धडा मिळतो तो तिरप्या नजरेचा. अंधुक वस्तू पाहायची तर तिच्यावर थेट डोळा रोखायचा नाही, किंचित बाजूला पाहायचे. कारण दृष्टिपटलाच्या मध्यभागी शंकूच्या आकाराच्या पेशी दाटीने असतात. त्यांना रंग कळतो, पण मंद उजेड कळत नाही. मंद उजेड टिपणाऱ्या दांड्यासारख्या पेशी मध्याच्या भोवती पसरलेल्या असतात. त्यांना रंग कळत नाही. म्हणजे ज्या दांडपेशींच्या जोरावर आमचा छंद चालतो त्याच आमच्यातल्या एकाच्या डोळ्यांतून आधी निरोप घेऊ लागल्या होत्या. तेव्हा जे पाहायचे राहिले आहे ते लवकर पाहून घ्यावे, असे ठरले. यादी केली. यादी करताना दोघांनीही पहिल्या ओळीत एकच गोष्ट लिहिली.

योगही चांगला होता. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. सूर्य त्याच्या कमाल सक्रियतेच्या काळात पोचला असल्याचे नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केले. आमची तिकिटे तोवर काढून झाली होती. शिवाय दिवाळीची सुट्टी अमावास्येला धरूनच येते. महाविद्यालयीन शिक्षकांना ज्या थोड्या सवलती आहेत त्यांत ही एक खगोलशास्त्रीय सवलत आहे, आणि तिच्याकडे अजून कोणत्याही आयोगाचे लक्ष गेलेले नाही!

निघण्यापूर्वी आम्ही जे थोडे वाचन केले त्यात आम्हाला, पेशामुळे असेल, शब्दानेच आधी थांबवले. या प्रकाशाला आपण ध्रुवीय प्रकाश म्हणतो, कोणी मेरुज्योती म्हणतो. दोन्ही शब्द कोशातले, घडवलेले. फिनिश भाषेत त्याला 'रेव्होनतुलेत' म्हणजे 'कोल्ह्याचे अग्नी' म्हणतात. तो शब्द मात्र बर्फावरून चालत आलेला वाटतो. युरोपात रूढ झालेले 'अरोरा बोरिआलिस' हे नाव सतराव्या शतकाच्या आरंभीचे. त्याचा अर्थ 'उत्तरेची पहाट'. आणि ही लॅटिन 'अरोरा' व ऋग्वेदातली 'उषस्' या भाषाशास्त्राच्या हिशेबाने सख्ख्या बहिणी आहेत, एकाच आदिरूपातून निघालेल्या. म्हणजे ज्या गोष्टीला आपल्याकडे अनुभवातून आलेला शब्द नाही, तिच्या परक्या नावात आपलीच उषा बसलेली आहे.

आणि अनुभवही अगदीच नाही असे म्हणता येत नाही. ४ फेब्रुवारी १८७२च्या रात्री फार मोठे चुंबकीय वादळ झाले आणि ध्रुवीय प्रकाश मुंबईतून दिसल्याची नोंद झाली. उत्तरेकडे लाल झालेल्या त्या आकाशाखाली मराठी बोलणारी माणसे अंगणात उभी असणारच. त्यांना तो वणवा वाटला असेल, दूरच्या गावाला लागलेली आग वाटली असेल, किंवा अवेळी उजाडते आहे असेही वाटले असेल. त्याआधी, १ आणि २ सप्टेंबर १८५९ला, ज्याला आज कॅरिंग्टन वादळ म्हणतात त्या वादळात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात झालेली घसरण कुलाब्याच्या वेधशाळेत मोजली गेली. सुमारे १६०० नॅनोटेस्लांची ती नोंद अभ्यासक आजही वापरतात. तिथे निरीक्षक उपकरणाशी बसून ठरावीक वेळाने आकडे वाचून लिहीत असत, आणि सुई फार हलू लागली की अधिक वेळा वाचत. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार, त्यांचा उपद्रव चुंबकीय उपकरणांना होणार, म्हणून हे काम १९०४मध्ये अलिबागला नेण्यात आले. अलिबागच्या किनाऱ्यावर आपण सहलीला जातो, तेव्हा जवळच ध्रुवीय प्रकाशाची नाडी मोजली जात असते, हे आम्हाला पूर्वी ठाऊक नव्हते.

ट्रॉम्सो हे गाव जवळजवळ सत्तर अंश उत्तर अक्षांशावर, एका बेटावर वसले आहे. ध्रुवीय प्रकाशाचे जे वलय चुंबकीय ध्रुवाभोवती असते त्याच्या बरोबर खाली ते येते. त्यामुळे तिथे मोठे वादळ लागत नाही, साधी रात्रही पुरते. लागते ते फक्त निरभ्र आकाश, आणि नोव्हेंबरमध्ये तिथे तेच दुर्मीळ. आम्ही पोचलो तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास सूर्य मावळत होता. त्याचे मावळणेही आपल्यासारखे नव्हे. तो क्षितिजाला घासत, रेंगाळत खाली जातो आणि संधिप्रकाश कितीतरी वेळ विझत नाही. लोकमान्यांची आठवण होणे अपरिहार्य होते. १९०३च्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात त्यांनी उषासूक्तांतली पहाट ही ध्रुवप्रदेशातली दीर्घ पहाट आहे, असे मांडले. तो सिद्धान्त आज विद्वानांत मान्य नाही, आणि लोकमान्य उत्तर ध्रुवाकडे कधी गेलेही नव्हते. परंतु पुण्यातल्या झटपट उजाडणाऱ्या आकाशाखाली बसून, केवळ सूक्तांमधल्या शब्दांवरून, इतकी लांबलेली पहाट डोळ्यांसमोर उभी करणे यामागची वाचनाची ताकद आम्हाला त्या दुपारी प्रथमच जाणवली. निष्कर्ष बाजूला ठेवून वाचक म्हणून त्यांच्याकडे पाहायला हवे.

पहिल्या दोन रात्री ढग होते. तिथे जमणाऱ्या हौशी निरीक्षकांची एक जमातच आहे आणि तिची बोलीही. सकाळच्या न्याहारीला हवापाण्याच्या गप्पा नसतात. सौर वाऱ्याच्या गप्पा असतात. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर सूर्याच्या दिशेला असलेली याने वाऱ्याचा वेग आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा मोजतात. ते क्षेत्र दक्षिणाभिमुख झाले की पृथ्वीचे दार किलकिले होते, आणि पाऊण-एक तासात वर आकाशात काही घडण्याची शक्यता असते. प्रत्येकाच्या फोनवर तो आलेख उघडा. निवृत्त माणसे, परिचारिका, एक सुतार. यांना हौशी म्हणून हसण्यात अर्थ नाही. कॅनडातल्या अशाच हौशी मंडळींनी आकाशात एक अरुंद जांभळट पट्टा वर्षानुवर्षे टिपला, तो काय आहे हे कळेना म्हणून एका चित्रपटातला विनोद आठवून त्याला 'स्टीव्ह' असे नाव देऊन टाकले. २०१८मध्ये शास्त्रज्ञांनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि त्या नावाला शोभेल असे लांबलचक इंग्रजी पूर्णरूप नंतर जुळवले. अर्थ कळण्याआधी नाव ठेवण्याची ही रीत आम्हा साहित्याच्या माणसांना फारच परिचयाची.

तिसऱ्या संध्याकाळी गाडीवाल्याने सांगितले, समुद्राचे ढग डोंगर ओलांडत नाहीत, आत जाऊ. स्किबोटन हे ठिकाण ट्रॉम्सोपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, फिनलंडच्या सीमेकडे. समुद्राची दमट हवा लिंगेनच्या पर्वतरांगा अडवतात, म्हणून तिथले आकाश कोरडे. विद्यापीठाने दुर्बीणही तिथेच उभारलेली आहे. आम्ही उतरलो तेव्हा तारे होते. ध्रुवतारा जवळजवळ डोक्यावर, हे पाहून दोघेही क्षणभर हललो. आपल्याकडे तो वितीएवढाच वर असतो.

अर्ध्या तासाने उत्तरेला एक पट्टा उमटला. निदान आमच्यापैकी एकाला तो उमटलेला दिसला. करडा, ढगाच्या तुकड्यासारखा. पण त्यातून तारे दिसत होते, म्हणून ढग नव्हे. शेजारी ट्रॉम्सोत भेटलेला सुतार होता. त्याने कॅमेऱ्याने सहा सेकंदांचे छायाचित्र घेतले आणि पडद्यावर झगझगीत हिरवी कमान आली. माहितीपत्रकांत असते तशी. हिरवा रंग खोटा नव्हता. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनच्या अणूंचा तो प्रकाश. कॅमेरा तो साठवत राहतो, डोळ्याला साठवता येत नाही, आणि मंद उजेडात जागी असलेली दांडपेशी रंगांधळी. असेच मे २०२४मध्ये लडाखमधल्या हानले येथे घडले होते. तिथल्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावरचा लाल प्रकाश टिपला आणि देशभर बातम्या झाल्या, पण तो मुख्यतः कॅमेऱ्यांनाच दिसला होता. तेव्हा आम्ही यावर बरीच चर्चा केली होती: पडद्यावर दिसणे हे दिसणे आहे का? त्या रात्री ही चर्चा करण्याची इच्छा दोघांनाही झाली नाही. कारण एकासमोर निदान करडा पट्टा होता, आणि दुसऱ्यासमोर केवळ काळोख.

"सांग," तो म्हणाला.

वीस वर्षे आम्ही प्रतिमा शिकवतो आहोत. उपमेय, उपमान, साधारण धर्म. आणि तिथे उणे आठ अंशांत एकाही उपमानाने काम भागेना. "पडदा म्हणू नकोस," तो म्हणाला, "सगळेच पडदा म्हणतात." मग धूर म्हटले. चुलीतला की उदबत्तीचा, असा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता. वाळत टाकलेल्या धोतराची हलणारी कड, नदीवरचे धुके, पाटीवर पुसलेल्या खडूचा पट्टा. या शेवटच्यावर तो "हं" म्हणाला. त्यानंतर आम्ही उपमा सोडून दिल्या आणि केवळ सांगत राहिलो: कॅपेलाच्या खाली आहे, डावीकडे पसरतो आहे, आता मधे तुटला, आता जुळला, उजवे टोक उभे राहिले. संजयाची आठवण झाली हे खरे, पण ती मोठ्याने काढली नाही.

अकराच्या पुढे पट्ट्याच्या खालच्या कडेला उजेड वाढला. सुताराने कॅमेरा सोडून वर पाहिले, आणि आमच्यातला जो काही वेळ गप्प होता त्याने हात वर केला. "इथे आहे का? दोन डोंगरांच्या मधे? उभे?" हो, तिथेच होते. लांब धरलेल्या हातातल्या रुपयाएवढे काही, असे त्याने नंतर सांगितले. बाकीची कमान त्याच्यासाठी नव्हतीच. ते हलले तसा त्याचा हातही हलत होता, आणि दोन्ही हालचाली जुळत होत्या. तीन-चार मिनिटे. मग कड विझली आणि त्याने हात खिशात घातला.

चौथ्या रात्री पाऊस होता.

आमच्याकडे निरीक्षणांची एक वही आहे, २००१पासूनची. तारीख, वेळ, दिशा, क्षितिजापासून उंची, तेज, रंग असे रकाने आखलेले आहेत आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे न वाचता आपापली नोंद करायची, असा जुना संकेत आहे. त्या रात्री गाडीतल्या दिव्याखाली आम्ही तो पाळला. ट्रॉम्सोच्या पुलावर आल्यावर वही उघडून ताडून पाहिली. २२:१०ची नोंद एकाच हस्ताक्षरात आहे, दुसऱ्याची ओळ कोरी. २३:२०ला दोघांच्याही नोंदी आहेत. दिशा जुळते, उंचीत दोन अंशांचा फरक. रंगाच्या रकान्यात ज्याला संपूर्ण कमान दिसली होती त्याने 'करडा, किंचित हिरवट?' असे लिहिले आहे, प्रश्नचिन्हासह. दुसऱ्याने 'हिरवा' एवढेच लिहिले आहे.