दहाच मिनिटांचे काम

मैत्रिणींनो, घरातून निघताना आपण सगळ्याजणी एक वाक्य हमखास बोलतो. "आलेच हं मी, दहाच मिनिटांचं काम आहे!" गॅसवर दूध ठेवून निघाल्याच्या घाईने आपण पायांत चपला सरकवतो आणि त्या दहा मिनिटांत सासूबाईंची औषधे, पिको-फॉलला टाकलेली साडी, मुलीच्या शाळेसाठी रंगीत पुठ्ठा आणि अर्धा किलो भेंडी, एवढे सगळे बसवतो. बसतेही, बरं का! पण ते बसते दाराशी उभ्या असलेल्या स्कूटरच्या जिवावर. गेल्या महिन्यात माझ्या त्या दहा मिनिटांना भर रस्त्यात कुलूप लागले. त्याचीच ही हकिगत. यातली अर्धी मी त्याच दिवशी घरी सांगितली होती. उरलेली अर्धी आज तुम्हाला सांगते आहे.

मी पुण्यात राहते. सकाळी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. नववीला इतिहास आणि नागरिकशास्त्र. साडेबाराला शाळा सुटते आणि दीड वाजता मुलीची बस कोपऱ्यावर येते. मधला तास माझा. बाजारहाट, बँक, औषधे, सगळे त्या एका तासात. ही स्कूटर नसती तर माझी नोकरीच झाली नसती, असे मी नेहमी म्हणते आणि ते खोटे नाही. माझ्या आईकडे लूना होती. लूना १९७२ साली बाजारात आली आणि कितीतरी बायकांना तिने पहिल्यांदा 'कोणी सोडायला येईल का?' हे विचारण्यातून सोडवले. आई मागे पोळीभाजीचा डबा आणि पुढे मला घेऊन जायची. त्यामुळे गाडी अडली की बाई अडली, हे मी लहानपणापासून जाणते.

तर त्या दिवशी पेठेतल्या एका औषधाच्या दुकानाशी मी पोचले. तिथे रस्त्याच्या एका बाजूला पी-१ ची पाटी आहे, दुसऱ्या बाजूला पी-२ ची. नवख्यांसाठी सांगते, पी-१ कडे विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ कडे सम तारखेला. तारीख सम होती. पी-२ ची बाजू मुंगी शिरणार नाही इतकी भरलेली. इकडे दुकानासमोर फुटपाथवर कडेने चार दुचाक्या ओळीत लावलेल्या होत्या. त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट होती. कडेला जागा उरली नव्हती, म्हणून मी माझी निळी स्कूटर चढवली आणि त्या वाटेतच, दुकानाच्या पायरीला टेकवून आडवी उभी केली. मनात म्हटले, चार आहेतच, तिथे पाचवी. आणि दहाच मिनिटांचे तर काम!

औषधे घेऊन, पुठ्ठा घेऊन परत येते तो पाचही गाड्यांच्या पुढच्या चाकांत पिवळा जॅमर! ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, दिसायला तो एखाद्या मोठ्या सांडशीसारखा असतो. चाकाला दोन्हीकडून धरतो आणि वर कुलूप. गाडीवर एक कागद चिकटवलेला, त्यावर फोन नंबर. मी फोन लावला. "चौकात आहोत मॅडम. इकडची रांग करून येतो. तिथंच थांबा."

तिथेच थांबा! दुसरे काय करणार होते मी? शेजारच्या वहिनींना फोन करून मुलीला बसवरून उतरवून घ्यायला सांगितले. आणि उभी राहिले.

पहिली वीस मिनिटे मी नुसती धुमसत होते. समोर मोठी मोटार दुसऱ्या मोटारीला समांतर लावून कोणीतरी चहा प्यायला गेले आहे, तिला कोणी विचारत नाही, आणि आमच्यासारख्यांच्या दोन चाकांवर सगळा जोर! शेजारच्या गाडीचे मालक, एक पोक्त गृहस्थ, समजुतीच्या सुरात म्हणाले, "कशाला डोक्याला ताप करून घेता? आले की दोनशे हातावर ठेवायचे, मिटतं." आता कबूलच करते. सकाळी त्याच दिवशी मी नववीच्या वर्गात 'कायद्यापुढे सर्व समान' शिकवून आले होते. आणि इथे मी पर्स उघडून सुटे दोनशे आहेत का ते पाहिले. होते.

तेवढ्यात भिंतीच्या कडेने एक आजी आल्या. नऊवारी पातळ, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी. माझ्या स्कूटरपाशी आल्या आणि थांबल्या. काठी एकदा इकडे टेकवून पाहिली, एकदा तिकडे. वाटच नव्हती.

मी पुढे होऊन गाडी सरकवायला गेले. पुढचे चाक जखडलेले. हँडल धरून पुढून उचलायचा प्रयत्न केला, पण शंभर किलोंच्या वरचे ते धूड, जागचे हलेना. शेवटी म्हटले, "आजी, चला, मी धरते." फुटपाथ चांगला उंच होता. त्यांनी आधी काठी खाली टेकवली, मग एक पाय, मग माझ्या मनगटाला घट्ट धरून दुसरा. गाड्यांची ओळ संपेपर्यंत दहा-बारा पावले आम्ही रस्त्यावरून चाललो. मागून पीएमपीची बस आली आणि तिने असा काही भोंगा वाजवला की आजींची बोटे माझ्या मनगटात रुतली. ड्रायव्हरचा तरी काय दोष? रस्ता बसचाच होता. पुढे त्यांना पुन्हा वर चढवताना कोपराखाली हात देऊन जवळजवळ उचलावेच लागले.

वर आल्यावर त्या क्षणभर भिंतीला टेकल्या. दम घेतला आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "देव तुझं भलं करो गं पोरी. कोणाच्या मेल्यांच्या गाड्या असतात कोण जाणे! यांच्या घरी म्हातारं माणूस नसतं का?"

माझ्या खांद्याच्या पिशवीत सासूबाईंच्या गुडघेदुखीच्या गोळ्या होत्या.

"हो ना, आजी," मी म्हटले.

एवढेच बोलले मी. त्या काठी टेकत निघून गेल्या. आशीर्वाद मात्र माझ्यापाशी राहिला, न परत करता येण्यासारखा.

त्यानंतर मला राग आला नाही. काही सुचेचना. वर्गात हजेरी घ्यायची सवय, म्हणून मी मोजू लागले. उरलेल्या अर्ध्या तासात माझ्या स्कूटरपाशी येऊन तेवीस जण रस्त्यावर उतरले. कडेवर मूल घेतलेली एक बाई. पाठीवर दप्तरे घेतलेल्या तीन मुली, बहुतेक माझ्याच मुलीच्या वयाच्या. हातात फायली घेतलेला एक पोरगा. बहुतेकांनी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. जणू फुटपाथ असा मध्येच संपायचाच असतो.

पन्नास मिनिटांनी वाहतूक पोलीस आले. त्यांच्यातली एक मुलगी, असेल पंचवीस-सव्वीसची, हातातले यंत्र घेऊन सरळ नंबर टाकायला लागली. त्या गृहस्थांचा हात खिशातून बाहेर आलाच नाही, आणि माझी पर्सही मिटलेलीच राहिली. माझ्या सद्गुणामुळे नव्हे, तर तिने वेळच दिला नाही म्हणून!

"पाचशे रुपये, मॅडम. मोबाइलवर मेसेज येईल," ती म्हणाली.

मी पैसे भरले आणि मनात घोळत होते ते विचारले, "ताई, रागावू नका. गाडी वाटेत होती म्हणून तुम्ही कुलूप लावलंत. पण कुलपामुळे तासभर ती वाटेतच राहिली की! मघाशी मला ती एका आजींसाठी हलवतासुद्धा आली नाही."

ती कुलूप काढता काढता थांबली. "खरं आहे, मॅडम. उचलून नेणारा टेम्पो दुसरीकडे अडकलाय. पण गाडी उचलून नेली असती, तर तुम्ही इथं थांबला असता का? रिक्षा करून सोडवायला गेला असता. मग त्या आजी तुम्हाला दिसल्याच नसत्या."

मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

घरी ह्यांना मी पाचशे रुपयांचे सांगितले. "तुझी दहा मिनिटं महागात पडली म्हणायची!" एवढे बोलून हे हसले. मग संध्याकाळी जॅमरविषयी काय काय शोधून आम्ही दोघांनी वाचले. हे कुलूप अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या फ्रँक मारुग नावाच्या माणसाने बनवले. हा माणूस तिथल्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा! १९५५ साली डेन्व्हरच्या पोलिसांनी ते पहिल्यांदा वापरले. उचलून नेलेल्या गाड्यांतल्या वस्तू आवारातून नाहीशा व्हायच्या आणि मालक पोलिसांशी भांडायचे. त्यावर उपाय म्हणून गाडी आहे तिथेच जखडायची ही युक्ती. म्हणजे ती निघाली पोलिसांची डोकेदुखी थांबावी म्हणून. वाट मोकळी व्हावी हा हेतू त्यात मुळात नव्हताच. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ मध्ये दोन्ही मार्ग दिले आहेत, गाडी उचलून नेणे किंवा चाक जखडणे. मला विचाराल तर फुटपाथवरची, रुग्णालयाच्या दारातली गाडी उचलूनच न्यावी. तिथे जॅमर म्हणजे रोगाला खिळा मारून घरात ठेवण्यासारखे.

आता थोडे कामाचे सांगते. कात्रण काढून ठेवलेत तरी चालेल.

जॅमर लागलेला दिसला तर गाडी चालू करून रेटून पाहू नका. मडगार्ड फुटेल, ब्रेकचे नुकसान होईल, आणि तुम्ही तोंडावर पडाल ते वेगळेच. कुलपाशी खटपट तर मुळीच नको. कागदावरच्या नंबरला फोन करून थांबा. चाक जखडण्याची परवानगी गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायची असते, एवढे कायद्यात स्पष्ट आहे. तेव्हा साध्या कपड्यातल्या कोणी पैसे मागितले तर देऊ नका, आणि दंड भरल्यावर पावती किंवा मेसेज आल्याशिवाय हलू नका. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून या गुन्ह्याला पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा केल्यास १५०० रुपये दंड आहे. भाजीच्या हिशेबात मांडून पाहा! फुटपाथ, वळण, चौक, झेब्रा पट्टे, बसथांबा, शाळा-रुग्णालयाचे दार आणि दुसऱ्याचे फाटक, इथे पाटी असो वा नसो, गाडी लावायची नाही. आणि पी-१, पी-२ वाल्यांनी एक लक्षात ठेवा. ३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम. सवयीने बाजू बदललीत की फसलात!

उरले घरचे. त्या रात्री सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावताना मी सहज विचारले, "आई, तुम्ही गुरुवारी दत्ताच्या देवळात जायच्या, ते का हो बंद केलंत? फार दुखतात का पाय?"

"पाय काय, दुखतातच या वयात," त्या म्हणाल्या. "पण तेवढ्यासाठी नाही गं. वाटेत सगळ्या गाड्या लावलेल्या. दर वेळी रस्त्यावर उतरायचं, चढायचं. एकदा एका रिक्षाचा धक्का लागता लागता वाचले. तुम्हाला सांगितलं असतं तर उगीच काळजी केली असतीत. म्हटलं, घरातून नमस्कार केला तरी पोचतो."

सात-आठ महिने माझ्या घरात एक म्हातारे माणूस गाड्यांमुळे कोंडून बसले होते, आणि मी समजत होते की त्यांचा उत्साह कमी झाला. त्यांना कोणी रस्त्यावर उतरवले? कोणाच्या तरी दहा मिनिटांनीच ना?

आता मी गाडी पैसे देऊन लावायच्या जागेत लावते आणि दुकानापर्यंत सात मिनिटे चालत जाते. एका तासात पूर्वीइतकी कामे होत नाहीत. पिको-फॉलची साडी अजून तिकडेच आहे. गुरुवारी सासूबाईंना हात धरून देवळात नेते. तीन ठिकाणी आम्हाला अजूनही रस्त्यावर उतरावे लागते. प्रत्येक वेळी माझे मनगट कोणीतरी घट्ट धरते आणि मला त्या आजी आठवतात.

त्या औषधाच्या दुकानाशी मी मुद्दाम चार-पाच वेळा रेंगाळले. आजी पुन्हा दिसल्या नाहीत. त्या हे साप्ताहिक वाचतात की नाही, ठाऊक नाही. वाचत असल्या तर तेव्हा तोंडातून न निघालेले आज लिहून टाकते. आजी, ती निळी स्कूटर माझीच होती.