समुद्राकाठी सहा दिवस

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली. या चाळीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून किती प्रवास केला, याची मी एकदा मोजदाद केली. नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी, महाड, देहूरोड, आणि एकदा बुद्धगया-सारनाथ, तेही मंडळाच्या बसने पंचेचाळीस माणसांबरोबर. बाकी सारे प्रवास लग्नाचे, बारशाचे आणि मयताचे. कशाचेही निमित्त नसताना, नुसते फिरायला म्हणून, आम्ही कधी घराबाहेर पडलो नव्हतो. यांच्याजवळ विषय काढला की उत्तर ठरलेले असे, "तेवढ्या पैशांत मुलाची फी भरून होते."

मुलाची फी भरून झाली, मुलीचेही शिक्षण झाले, दोघे नोकरीला लागले. हे एका सरकारी कार्यालयात लेखनिक होते, ते २०१७ साली निवृत्त झाले. माझीही शाळेतली नोकरी संपली. तरी उत्तर तेच राहिले. शेवटी २०२४ च्या पावसाळ्यात यांच्या छातीत दुखले, दोन स्टेंट बसवावे लागले, आणि डॉक्टरांनी रोज चालायचा हुकूम दिला. आता आमच्या कल्याणच्या रस्त्यांवर चालायचे म्हणजे हृदयाला आराम की आणखी धसका, हे ज्याचे त्याने ठरवावे. मुलगा म्हणाला, "आई, माझी गाडी घे आणि पप्पांना समुद्राकाठी चालव." गाडी मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शिकले. यांना अजून येत नाही. हे शेजारी बसून हिशेबाची वही सांभाळतात.

अशा रीतीने २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो. पहिला मुक्काम तळ्याला, माझ्या भाचीच्या सासरी. तिथे पोहोचलो तो अंगणात पोपटीची तयारी चाललेली. मुंबईकडच्या भगिनींना पोपटी कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे, अंडी, बटाटे असे थर लावायचे आणि तोंड पुन्हा पाल्याने घट्ट बंद करायचे. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा. चर्र होऊन तो लगेच उडाला की पोपटी झाली. या कामात बायका बसून होत्या आणि पुरुष राबत होते, हे मला विशेष आवडले. यांनी कोंबडीला हात लावला नाही, पण शेंगा इतक्या खाल्ल्या की भाची म्हणाली, "मामा, डॉक्टरांना फोन लावू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कुडा. तळ्याहून मांदाडच्या बाजूला जाताना हा डोंगर लागतो. समोर राजापुरीची खाडी. पायऱ्या आहेत, चढ फार नाही, तरी आम्ही दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी बसत होतो. घाई कसलीच नव्हती. इथे सव्वीस लेणी आहेत, खालच्या ओळीत पंधरा आणि वरच्या ओळीत अकरा. सहाव्या लेण्यात चैत्य आहे, दर्शनी बाजूला हत्ती आहेत आणि भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या मोठ्या जोड्या कोरल्या आहेत. बुद्धमूर्ती मागाहून, काही शतकांनी कोरलेल्या.

पण आम्हांला थांबवले ते पहिल्याच लेण्यातल्या शिलालेखाने. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ साली पश्चिम भारतातल्या लेण्यांतील शिलालेखांचे जे पुस्तक छापले, त्यातून यांनी वाचनालयात बसून कुड्याची पाने उतरवून आणली होती. त्यातले दाते बघा : कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी, एक माळी, एक वैद्य, भिक्षुणी. आणि पहिल्या लेण्याचा दाता कोण, तर महाभोज मांदव खंदपालिताचा लेखक, म्हणजे लेखनिक, शिवभूती. त्याने हे लेणे एकट्याच्या नावाने दिलेले नाही. आपल्या पत्नीसह, नंदेसह दिले, असे त्याने कोरवून ठेवले आहे. सहावे लेणे त्याच्या धाकट्या भावाचे, शिवमाचे. त्यानेही पत्नी विजया, मुलगे सगळ्यांची नावे घातली, आणि खांब मुलींच्या नावाने.

हे बराच वेळ त्या लेखासमोर उभे होते. मग म्हणाले, "माझ्याच खात्यातला माणूस." छत्तीस वर्षे यांनी दुसऱ्यांच्या नावाने टिपणी लिहिली, खाली सही साहेबांची. मी विचारले, "तुम्ही काय दिलंत हो माझ्या नावानं?" तर म्हणाले, "गॅसचं कार्ड." आम्ही दोघे इतके हसलो की वरच्या लेण्यातली वटवाघळे उडाली. त्या दिवसापासून हे मला प्रवासभर नंदा म्हणत होते.

दिवेआगरला संध्याकाळी सुरूच्या बनातून वाळूवर उतरलो आणि अंधार पडेपर्यंत चाललो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथल्या पोफळीच्या बागा मोडल्या. पोफळ लावल्यापासून हाताशी यायला पुष्कळ वर्षे जातात, त्यामुळे बागांमधून उंच जुनी झाडे आणि गुडघ्याएवढी रोपे अशी शेजारी शेजारी दिसतात, मधले कोणी नाही. शाळेत एखाद्या वर्षाची तुकडीच नसावी तसे. रात्री एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, बांगडा, तिसऱ्यांचे सुके आणि सोलकढी. यांनी वहीत लिहिले आणि शेजारी "योग्य" असा शेरा मारला.

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनचा रस्ता अगदी समुद्राला लागून जातो. मी दर वळणाला गाडी थांबवत होते. हरिहरेश्वरला लाटांनी खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत. ओहोटी होती म्हणून थोडे खाली उतरलो. (भरतीच्या वेळी तिथे उतरू नये, माणसे वाहून गेली आहेत.) बागमांडल्याहून वेश्वीला जंगल जेटीवर गाडी चढवताना माझे पाय लटपटले, पण मागच्या ट्रकवाल्यासमोर ते दाखवायचे नव्हते. सावित्री ओलांडून संध्याकाळी वेळासला पोहोचलो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी तिथे समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम केले आहे. टोपलीखालून निघालेली तळहातापेक्षा लहान पिले वाळूवर सोडली, ती आपली आपण पाण्याकडे गेली. कोणी दिशा दाखवली नाही.

इथवर सारे छान होते.

त्या रात्रीचा मुक्काम मुलाने फोनवरून ठरवला होता. गावाचे नाव लिहीत नाही. घरगुती राहण्याची सोय, अंगण सारवलेले, यजमान बोलके. कोकम सरबत आले. हे मंडणगड तालुक्यातलेच म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. मग गाव विचारले. मग आडनाव. आमचे आडनाव गावावरून पडलेले, त्यावरून काही कळत नाही. मग त्यांनी विचारले, "कुठल्या वाडीतले?" कोकणात या प्रश्नाला बगल देता येत नाही. हे क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बौद्धवाडी." यजमान आत गेले. बाहेर आले ते सांगत, खोलीतला पाण्याचा पंप बिघडला आहे, तुमची गैरसोय होईल. मागच्या बागेत नळीने शिंपणे चालू होते, त्याचा आवाज आम्हां तिघांनाही ऐकू येत होता.

यांनी सरबताचे चाळीस रुपये फुलपात्राखाली ठेवले. मी गाडी सुरू केली.

अंधारात मंडणगडचा घाट चढताना मी पुष्कळ बोलले. १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा आहे, तक्रार करू म्हणाले. हे म्हणाले, "काय लिहिणार? पंप बिघडला?" नंतर बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला जास्त कशाचं वाटलं सांगू? मी थांबलो. त्यानं विचारल्यावर मी थांबलो, नंदा. हापिसातसुद्धा तसाच थांबायचो." मी त्यांच्या छातीकडे बघत होते, सारखी विचारत होते दुखतंय का. नाही म्हणाले. मला वाटले, उद्या हे घरी चला म्हणणार.

मंडणगडला लॉज मिळाला. व्यवस्थापकाने नोंदवही पुढे केली. आजवर आम्ही कुठेही उतरलो की हे स्वतःचे नाव लिहून पुढे "सह पत्नी" लिहीत. त्या रात्री त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. खालच्या ओळीत माझे पूर्ण नाव, वय, व्यवसाय निवृत्त शिक्षिका. व्यवस्थापक म्हणाला, "एकच ओळ पुरते काका." हे म्हणाले, "राहू द्या."

सकाळी घरी चला म्हणाले नाहीत. केळशीवरून आंजर्ल्याला आलो, तिथल्या वाळूवर तासभर अनवाणी चाललो, पुलावरून हर्णैला. हर्णैला मला यायचेच होते. १९६७ साली हे आठ वर्षांचे असताना इथूनच मुंबईला गेले. आगबोट दूर उभी राहायची, पडावातून माणसे नेऊन तिच्यावर चढवायचे. बाकीचे बसेपर्यंत यांच्या वडिलांनी यांना कंबरभर पाण्यात खांद्यावर घेऊन उभे राहायचे, आणि मग टोकाला जागा मिळायची. हे यांनी मला चाळीस वर्षांत सांगितले नव्हते. हर्णैच्या वाळूवर सुवर्णदुर्गाकडे तोंड करून सांगितले.

चारच्या पुढे मासळीचा लिलाव सुरू झाला. होड्यांतून टोपल्या उतरतात, वाळूवरच ढीग लागतात आणि ओरडून बोली होते. त्या ओरडण्यातले एक अक्षर आम्हांला कळले नाही. एका कोळीण बाईंकडून यांनी दोन पापलेटे आणि थोडी कोळंबी घेतली. घासाघीस केली नाही, हे मला अजून पटलेले नाही. रांधून देणाऱ्या, राहायला खोली असणाऱ्या एक बाई जवळच होत्या. त्यांच्या ओट्यावर पाय ठेवण्याआधी, त्यांनी काही विचारण्याआधी, हे मोठ्याने म्हणाले, "बाई, माझं नाव हे. मंडणगड तालुका, बौद्धवाडीतले आम्ही. खोली आहे का?"

बाईंनी यांच्या हातातली पिशवी घेतली, आत बघितले आणि विचारले, "पापलेट तळू का कालवण करू?"

तळले. कोळंबीचे कालवण. जेवताना हे काही बोलले नाहीत, तीन वेळा भात घेतला. बाई पुन्हा पुन्हा वाढत होत्या आणि मी हाताने नको नको करत होते.

पाचव्या दिवशी दापोलीवरून पन्हाळेकाजी. डोंगरात खोलवर, नदीकाठी एकोणतीस लेणी. आधी हीनयान, मग वज्रयान, शेवटी नाथपंथीयांनीही आपली शिल्पे कोरली. पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी १९७० च्या दशकात ही उजेडात आणली. उतरणीवर माझाच गुडघा दुखला, यांचा नाही. दापोलीच्या कॅम्पात सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही वर्षे कुटुंबासह राहिले. बाजारातून फिरताना यांना त्याचीच आठवण होत होती.

परतीच्या वाटेवर आंबडव्याला बाबासाहेबांच्या मूळ गावी वंदन केले आणि नंतर यांच्या गावच्या फाट्यावर वळलो. घराचे जोते तेवढे उरले आहे. चुलतभावाने चहा दिला, गाडीत काजूची पिशवी टाकली. महाडला चवदार तळ्यावर संध्याकाळ झाली. दरवर्षी २० मार्चला आम्ही तिथे येतो, पण गर्दीत पाणी दिसत नाही. या वेळी अर्धा तास पायऱ्यांवर नुसते बसलो.

घरी आल्यावर यांनी वहीतला हिशेब पुरा केला. डिझेल, जंगल जेटी, लॉज, मासळी. सरबताचे चाळीस रुपये वेगळ्या ओळीत आहेत, शेरा नाही. हर्णैच्या जेवणापुढे "योग्य" लिहून ते खोडले आहे आणि "उत्तम" केले आहे. शेवटच्या पानावर पुढल्या वर्षाचा बेत आहे : दाभोळहून धोपाव्याला जंगल जेटी, गुहागर, वेळणेश्वर. खाली लिहिले आहे, नंदाचा गुडघा दाखवून घेणे.