‘वय झालं’ म्हणण्यात आम्ही दोन वर्षं घालवली

अण्णा एसटीत कंडक्टर होते. बरीच वर्षं कराड-चिपळूण गाडीवर. वेबिल आणि रोकड जुळली नाही, असं कधी झालं नाही. आजही विचारा, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, पोफळी, चिपळूण ओळीनं सांगतील. पण सकाळी नाश्त्याला काय खाल्लं ते सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात निदान झालं. अल्झायमर. डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. घरातलं चव्हाट्यावर कशाला, असं आई आधी म्हणाली. मग तीच म्हणाली, “लिही. आपलं झालं ते दुसऱ्याचं नको व्हायला.” म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी अण्णांनी किराणावाल्याला एकाच महिन्याचं बिल दोनदा दिलं. बिचारा पैसे परत घेऊन घरी आला. मी अण्णांवरच ओरडलो, “लक्ष कुठं असतं तुमचं?” मग तेच तेच विचारणं, हिशेब चुकणं, चूक झाकायला चिडणं सुरू झालं. आम्ही म्हणायचो, वय झालं. शेजारीपाजारीही तेच म्हणायचे. शेवटी एक दिवस या एसटीच्या माणसाला स्टँडवर आपली गाडी कुठली तेच कळेना. तेव्हा आम्ही पुणं गाठलं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. या आजारात मेंदूत दोन प्रथिनं गोळा होतात. अमायलॉइडचे थर पेशींच्या बाहेर साचतात आणि टाऊचे गुंते पेशींच्या आत. पेशींचं एकमेकींशी बोलणं तुटतं, मग त्या मरतात. जर्मनीतल्या अलॉइस अल्झायमर या डॉक्टरनं १९०६ साली एका मृत रुग्ण बाईच्या मेंदूत हेच पाहिलं होतं. नव्या आठवणी साठवणारा भाग सहसा आधी मार खातो, म्हणून चिपळूणपर्यंतचे थांबे शाबूत आणि आजचा नाश्ता गायब. आणि हे साचणं लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीच सुरू झालेलं असतं. म्हणजे अण्णा ड्युटीवर होते तेव्हापासून!

धाकट्या भावानं मोबाईलवर नव्या औषधाचं वाचलं होतं. म्हणाला, “वेळ पडली तर अर्धा एकर विकू.” लेकानेमॅब हे त्या औषधाचं नाव. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, २०२४ मध्ये डोनानेमॅबलाही. ही औषधं अमायलॉइड खरंच साफ करतात. पण लेकानेमॅबच्या मोठ्या चाचणीत १८ महिन्यांत आजाराचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला, इतकंच. १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक अर्ध्या गुणाहूनही कमी. गेलेली आठवण परत येत नाही. शिरेतून औषध चढवायचं, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय काढायचा. आणि हे फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी.

डॉक्टर म्हणाले, “जमीन विकू नका. यांचा तो टप्पा गेला. दोन वर्षांपूर्वी आला असता तर निदान विचार करता आला असता.”

येताना गाडीत कुणीच बोललं नाही.

आता अण्णांना डोनेपेझिलची गोळी चालू आहे. मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन ती लवकर संपू देत नाही. थोडा आधार मिळतो, आजार थांबत नाही.

पण मला खरी टोचणी वेगळीच आहे. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं १४ कारणं सांगितली. ती सांभाळली तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा हिशोब. त्यात बीपी आहे, शुगर आहे, तंबाखू ओढणं आहे, एकटेपणा आहे. आणि कमी ऐकू येणंही आहे. अण्णांना रिटायर झाल्यापासून कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आणलं होतं. “म्हातारा दिसतो” म्हणून ते कपाटात पडलं आणि आम्हीही आग्रह धरला नाही. ते लावलं असतं तर हे टळलं असतं, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण ते कपाट उघडलं की मला कसंतरी होतं.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ साली आलेल्या अभ्यासाचा अंदाज. शंभरात सात. आपल्या गल्लीत मोजून बघा. उपकेंद्रात बीपी-शुगर बघतात, तिथंच साठीपुढच्या माणसाचे कान तपासायला आणि आठवणीचे चार साधे प्रश्न विचारायला फार मोठं बजेट लागतं का? झेडपीच्या निवडणुकीत मत मागायला येतील त्यांना मी हेच विचारणार आहे. तुम्हीही विचारा.

आणि घरात कुणी तेच तेच विचारत असेल, तर ओरडू नका, डॉक्टरांकडे न्या. कधी कधी बी-१२ कमी झालेलं असतं किंवा थायरॉइड बिघडलेला असतो. ते तर उपचारानं सुधारू शकतं. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

परवा कपाटातलं मशीन काढलं, नवा सेल घातला, अण्णांच्या कानाला लावलं. दचकले. म्हणाले, “अरे, बाहेर पाऊस पडतोय की!”