भवालीचे चीड वृक्ष

नैनीतालजवळच्या भवालीत उतारांवर चीड वृक्षांची दाटी आहे. तीन-तीनच्या झुबक्यांतली सुईसारखी लांब पाने, खवल्याखवल्यांची तांबूस साल. खोडाला खाच पाडून गोळा केलेल्या चिकाला तेथे ‘लीसा’ म्हणतात. त्यातून राळ व टर्पेंटाइन मिळते. सांधेदुखीच्या काही मलमांत टर्पेंटाइन असते. पोटात गेल्यास मात्र ते विषारी ठरते.

येथे १९१२ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. चिडांच्या हवेने क्षय हटतो, अशी तेव्हा श्रद्धा होती. हवेने विसावा दिला. जंतू मारले ते १९४०च्या दशकापासून आलेल्या औषधांनी. वडीलधाऱ्यांना येथे अवश्य न्यावे. वाळलेली पाने, ‘पिरूल’, फार निसरडी असतात. त्यांचा हात धरावा. हवा कितीही मानवली तरी नेहमीच्या गोळ्या चुकवू नयेत.