दोन डब्यांचा एक डबा

मूव्ह ऑर्डर आली की आमच्या घरी आधी काळ्या ट्रंका पलंगाखालून बाहेर निघतात आणि मग भांडण निघतं. फौजी माणसाला हे वेगळं सांगायला नको. यंदाचं भांडण कॉम्प्युटरवरून झालं. एका नव्हे, दोन कॉम्प्युटरवरून.

बंगळूरला मला सव्वादोन वर्षं झाली होती. पुढची पोस्टिंग आसामकडे. चिरंजीव दहावी झालेले, म्हणून तो आणि त्याची आई अकरावीसाठी पुण्याला राहणार. म्हणजे सामानाचे तीन वाटे: पुण्याला जायचं, माझ्याबरोबर यायचं आणि विकायचं. तिसऱ्या वाट्यात काय टाकायचं यावर घराघरात काय होतं ते मंडळी जाणतात.

पहिला कॉम्प्युटर माझा. 2017 साली सुट्टीत पुण्यात जुळवलेला मोठा टॉवर. वजन अठरा किलो. (वजन कसं कळलं? रेल्वेच्या पार्सल काट्यावर.) समोर काच, आत तीन पंख्यांचं लांबलचक ग्राफिक्स कार्ड. राजस्थानात त्यातून दर महिन्याला मूठभर वाळू निघायची. मी आणि पोरगा त्यावर एज ऑफ एम्पायर्स खेळत मोठे झालो असं म्हटलं तरी चालेल, कारण त्यातलं वाढणं दोघांचंही आहे. ड्यूटीवरून आल्यावर बापलेकांनी मिळून एक किल्ला पाडला की दिवस सुटला.

दुसरा आण्णांचा. आण्णा म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीचे. 1971 ला पूर्वेकडे होते. पेन्शनीत आल्यावर तालुक्याच्या गावी टायपिंग शिकले आणि आठवणी लिहायला बसले. 2008 मध्ये मी त्यांना एक साधा असेंबल्ड कॉम्प्युटर घेऊन दिला, विंडोज एक्सपीचा, सोबत मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. त्याला यूएसबीचं डोंगल लागायचं. ते लावलं नाही तर सॉफ्टवेअर उघडतच नसे. आण्णांनी ते लाल गोफात ओवून घराच्या किल्ल्यांना बांधलं होतं. 2019 मध्ये आण्णा गेले. तेव्हापासून तो पिवळट पडलेला डबा आमच्या ट्रंकांबरोबर फिरतोय. चालू कोणी करत नाही, टाकून कोणी देत नाही.

“फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि द्या तो डबा भंगारात,” बायको म्हणाली. बरोबरच होतं तिचं. मी घेतल्याही. पण नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली तर पडदाभर इंग्रजी अक्षरं, टिंबं, आकडे आणि परदेशी चिन्हांचा नुसता उकिरडा.

ज्यांच्या घरात नव्वदच्या दशकापासून 2010 पर्यंतचं मराठी टंकन पडून आहे त्यांच्यासाठी याचं कारण थोडं सविस्तर सांगतो. आज आपण मोबाइलवर लिहितो ते युनिकोड. त्यात ‘क’ला जगभर एकच नंबर. श्रीलिपी, आयएसएमच्या जमान्यात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा हिशोब वेगळा. फॉन्टवाला रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा बसवायचा: कुठे नुसता काना, कुठे अर्धा ‘श’, कुठे रफार. फॉन्ट आणि सॉफ्टवेअर जागेवर असेल तर ती मराठी, नसेल तर कचरा. युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, दोन वापरूनही पाहिले. पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप झालेली, रफार नंतर आलेला. त्यात जोडाक्षरांचे इतके हाल झाले की आण्णांच्या पलटणीचं नावही ओळखू येईना. दोनशेच्या वर पानं हाताने सुधारायला वर्ष लागलं असतं. हातात पंचवीस दिवस होते.

तोडगा पोराने काढला. “पप्पा, आजोबांचा अख्खा कॉम्प्युटरच आत ठेवू.” कशाच्या आत? नव्या छोट्या मशीनच्या. टॉवर विकायचा, लहान गेमिंग मशीन जुळवायचं आणि त्यात व्हर्च्युअल मशीन करून आण्णांची एक्सपी तशीच्या तशी बसवायची.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते मला क्वार्टरमास्टरच्या भाषेत कळलं. खरं मशीन म्हणजे क्यूएम स्टोअर. तिथून एकेका पाहुण्या सिस्टिमला नावावर माल मिळतो: इतके कोर, इतकी रॅम, इतकी डिस्क. पाहुण्याला वाटतं अख्खी बराक आपलीच. कल्पना जुनी आहे. आयबीएमने मोठ्या मशीनसाठी व्हीएम/370 1972 मध्ये जाहीर केलं होतं. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आलं 2007 मध्ये. घरगुती प्रोसेसरना ही सोय आता अंगचीच असते, फक्त पुष्कळ बोर्डांच्या बायोसमध्ये ती बंद असते. एएमडीच्या बोर्डवर ‘एसव्हीएम’ नावाने शोधा. मी अर्धा दिवस सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या आणि बटण तिथे होतं.

तर एसपी रोड. पूर्ण नाव सादर पत्रप्पा रोड. टाउन हॉल आणि के. आर. मार्केटच्या मधली अरुंद गल्ली. बंगळूर म्हटलं की लोक काचेचे आयटी पार्क सांगतात, पण सुट्या भागांचं बंगळूर इथे आहे. केम्पेगौडाने 1537 मध्ये वसवलेल्या जुन्या पेठेला लागूनच हा भाग. 1638 नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे मी दुकानदाराला घासाघीस करताना सांगून पाहिलं. तो हसला आणि दोनशे रुपये कमी केले. बाकीच्याला “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी सार.” थोडं तुम्हीच सांभाळून घ्या.

बोर्ड घेतला मिनी-आयटीएक्स. सतरा सेंटिमीटर लांब, सतरा रुंद. आपल्या जेवणाच्या ताटापेक्षा लहान. त्यात रॅमच्या दोनच जागा आणि कार्डाची एकच. म्हणून रॅम पहिल्याच दिवशी 32 ची जोडी घ्यायची, नंतर वाढवू म्हणायला जागा उरत नाही. प्रोसेसर रायझन 7 7700. आठ कोर, आणि मुख्य म्हणजे त्याच्या अंगात छोटं ग्राफिक्स आहे. लिनक्स त्या छोट्यावर चालतं आणि मोठं कार्ड, आरटीएक्स 4060, सबंधच्या सबंध खेळाच्या विंडोजला देऊन टाकायचं. याला पासथ्रू म्हणतात. त्यासाठी आयओएमएमयू लागतं, म्हणजे कुठल्या उपकरणाने मेमरीच्या कुठल्या भागाला हात लावायचा याचा पहारा. मोठ्या बोर्डांवर कधीकधी कार्ड आणि इतर दोनचार उपकरणं एकाच गटात अडकलेली असतात आणि पूर्ण सेक्शन एकदम हलवावा लागतो. छोट्या बोर्डावर कार्डाची जागा एकच आणि ती थेट प्रोसेसरला जोडलेली. माझं कार्ड गटात एकटंच निघालं. लहान असण्याचा एवढा एक फायदा मला कोणी आधी सांगितला नव्हता.

खर्च सव्वा लाखाच्या घरात. जुन्या टॉवरचे एकतीस हजार आले. त्याच्या कार्डाला नव्या डब्यात जागाच नव्हती, तेही त्यातच गेलं. बायको म्हणाली, “यात स्कूटर आली असती.” आली असती. टॉवर ज्याने नेला त्या पोराने तो बुलेटवर मांडीत धरून नेला. काच सांभाळ रे, असं मी दोनदा ओरडलो.

नवा डबा बारा लिटरचा, सहा किलोचा. खेळ उत्तम चालतात. फक्त पोराचा एक ऑनलाइन नेमबाजीचा खेळ व्हर्च्युअल मशीन दिसलं की दार लावतो, चोरांना पकडण्याची त्यांची ती पद्धत आहे. त्यावर उपाय असा की विंडोजला स्वतःची वेगळी एसएसडी दिली. एरवी ते लिनक्सच्या आत चालतं, त्या खेळापुरतं मशीन थेट त्याच डिस्कवरून सुरू करायचं. बोर्डावर एसएसडीच्या दोन जागा होत्या म्हणून जमलं. घेताना तेवढं बघा.

आता आण्णांची एक्सपी. त्यांच्या कॉम्प्युटरची 80 जीबीची डिस्क काढून नव्या मशीनला जोडली आणि डीडीरेस्क्यूने हुबेहूब प्रत काढली. पाऊण तास डिस्क टकटक करत होती. तीन ठिकाणी ती वाचता आली नाही. सुदैवाने तिथे फाइल नव्हती. ती प्रत व्हर्च्युअल मशीनला दिली, बटण दाबलं, एक्सपीची पट्टी तीनदा पळाली आणि निळा पडदा. पुन्हा सुरू केलं, पुन्हा निळा.

मी त्याच दुपारी आण्णांचा डबा आठशे रुपयांना भंगारवाल्याला सांगून ठेवला होता. तो सहा वाजता येणार होता. डिस्क तर काढून घेतली आहे, डबा कशाला हवा, असा माझा हिशोब.

साडेपाचला पोराने वाचून सांगितलं: एक्सपी जन्मली त्या बोर्डाचाच डिस्क-कंट्रोलर तिला माहीत असतो. नव्या घरात कंट्रोलर वेगळा, त्यामुळे आपलीच डिस्क तिला सापडत नाही. औषध जुन्या मशीनवरच करायचं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कंट्रोलरचा खास ड्रायव्हर काढायचा, विंडोजबरोबर येणारा साधा आयडीईचा लावायचा, मशीन बंद करायचं आणि मग प्रत काढायची. म्हणजे आण्णांचा कॉम्प्युटर अजून एकदा सुरू व्हायला हवा होता.

डिस्क परत बसवली. बटण दाबलं, पंखा अर्धा फिरला आणि थांबला. दुसऱ्यांदा तेच. खाली भंगारवाल्याची गाडी लागली होती. बायको, जी तो डबा द्या म्हणत होती, तीच जिन्यात जाऊन त्याला म्हणाली, “भैया, आज नहीं.” पाचव्या की सहाव्या वेळी पंखा पूर्ण फिरला. पोराने दोन मिनिटांत ड्रायव्हर बदलला आणि रीतसर बंद केला. त्यानंतर तो कॉम्प्युटर मी सुरू करून पाहिलेला नाही.

रात्री दुसरी प्रत काढली. या वेळी पट्टी पळाली आणि आण्णांचा पडदा उघडला: मागे आमच्या शेताचा फोटो, डावीकडे ‘फौज’ नावाचं फोल्डर. एक कोर, एक जीबी रॅम. तेवढ्यात तिचं भागतं. इंटरनेट मुद्दाम तोडलं आहे, कारण मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 लाच थांबवली. 80 जीबीची डिस्क, पण फाइल जेमतेम चौदा जीबीची झाली. वापरलेली जागाच मोजली जाते. डोंगल नव्या डब्याच्या पुढच्या यूएसबीला लावलं आणि ते एक्सपीच्या नावावर केलं. सॉफ्टवेअर उघडलं. मराठी दिसली. लाल गोफ डब्यावरून लोंबत होता.

शेवटची फाइल मी तोपर्यंत कधी उघडलीच नव्हती. त्यात आठवण नव्हती, यादी होती. आण्णांच्या सेक्शनमधली माणसं, समोर गाव आणि तालुका. सहा ओळी भरलेल्या. सातवर नुसता आकडा आणि टिंब. नावं इथे देत नाही, त्यांची घरं आहेत.

आण्णांच्या सेक्शनमधले एक नाना अजून आहेत, आमच्या पुढच्याच गावात. दुसऱ्या दिवशी फोन लावला. ऐकायला कमी येतं, म्हणून त्यांच्या नातवाने मोबाइल कानाला धरला. मी सहा नावं वाचली. नाना गप्प. मग म्हणाले, “चार नंबरचं गाव चुकलंय तुझ्या बापाचं. त्यो कोरेगावचा न्हवं, खटावचा.” मग सातवं सांगितलं, आठवं सांगितलं. नववं आठवेना. “थांब, दुपारच्याला सांगतो,” म्हणाले, आणि दुपारी खरंच फोन आला.

तीन ओळी टाईप करायला मला अर्धा तास लागला. आण्णांचा कीबोर्ड टाइपरायटरच्या पद्धतीचा. आधी वेलांटी, मग अक्षर. मला फक्त मोबाइलवर लिहिता येतं. चार नंबरचं गाव मी बदललं नाही. खाली एक ओळ टाकली: नानांच्या म्हणण्याप्रमाणे खटाव.

डबा उद्यान एक्सप्रेसने पुण्याला गेला, पोराच्या बर्थखाली, दोन सतरंज्यांमध्ये. चौदा जीबीची एक प्रत छोट्या एसएसडीवर माझ्या ट्रंकेत आहे. डोंगल एकच आहे; ते पोराकडे दिलं, घराच्या किल्ल्यांसकट.