नियम कोणाचा?



यंदा दशलक्षण पर्वाच्या आदल्या रात्री आमची सोळा वर्षांची लेक म्हणाली, "आई, अनंत चतुर्दशीचा उपवास तू सांगतेस म्हणून मी करते. मग तो माझा कसा?" मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही.

तेव्हा मला आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली शेजारीण आठवली. ती मूळची नागालँडची, बाप्टिस्ट पंथाची. गेल्या हिवाळ्यात तिच्या थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा होता, तेव्हा तिने मला आवर्जून नेलं होतं. मुलगी एकोणीस वर्षांची! मी तर समजत होते की ख्रिस्ती लोक तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात. कॅथलिक आणि इतर बऱ्याच पंथांत तसंच आहे. बाप्टिस्ट मात्र बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याला श्रद्धा म्हणजे काय ते कळतं आणि जो ती स्वतःच्या तोंडाने सांगतो, त्यालाच देतात.

हौदात कमरेएवढं पाणी होतं. पाळकांनी विचारलं, मुलीने उत्तर दिलं, आणि त्यांनी तिला आडवं करून पुरतं पाण्यात बुडवून वर काढलं. मी शेजारणीला विचारलं, "या पाण्याने पाप धुतलं जातं का?" ती म्हणाली, "नाही. पाणी साधंच असतं. ही फक्त खूण. ख्रिस्ताबरोबर जुनं आयुष्य पुरलं, नवं उठलं, एवढं सर्वांसमोर सांगायचं."

नंतर प्रभुभोजन झालं. पावाचे तुकडे आणि इवल्याशा पेल्यांतून द्राक्षाचा रस. कॅथलिक मानतात की तो पाव ख्रिस्ताचं शरीरच होतो. बहुतेक बाप्टिस्टांसाठी ती त्याच्या मरणाची आठवण आहे. घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःचं मन तपासायचं. मला आपलं प्रतिक्रमण आठवलं. तबक शेजारणीच्या धाकट्या मुलापाशी आलं. तो पंधरा वर्षांचा, बाप्तिस्मा न घेतलेला. त्याने काही न उचलता ते पुढे दिलं. आई शेजारीच होती, एक शब्द बोलली नाही.

घरी येऊन वाचलं, तर हा वाद फार जुना निघाला. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे विल्यम केरी बाप्टिस्टच. १८१२ साली अमेरिकेहून निघालेल्या अडोनिराम जडसन यांनी जहाजावर याच प्रश्नाचा अभ्यास केला आणि कलकत्त्यात पत्नी अ‍ॅनसह पाण्यात बुडून नव्याने बाप्तिस्मा घेतला. त्यांचे सोबती गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट जुन्या मतावरच राहिले. ते १८१३ मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. पुढे रेव्हरंड टिळक याच मिशनमध्ये होते.

आपल्याकडे पाहा ना. बाळाला पंचेचाळीसाव्या दिवशी मंदिरात नेतो, कानात णमोकार सांगतो, त्याच्या वतीने अष्टमूलगुणांचा नियम घेतो. पण आठ वर्षांपर्यंतच तो नियम आईवडिलांनी सांभाळायचा असतो. पुढे तो ज्याचा त्याने. ही दुसरी अर्धी गोष्ट मी विसरूनच गेले होते. आपली वाट वेगळी आहे हे खरं. त्यांचा भरवसा तारणाऱ्यावर, आणि आपल्याला आपलं कर्म आपणच झिजवायचं. पण मग आपल्याकडे तर दुसऱ्याच्या इच्छेने केलेल्या उपवासाला अधिकच कमी अर्थ! भाव नसेल तर ते नुसतं उपाशी राहणं.

मी लेकीला म्हटलं, "यंदा मी सांगणार नाही. तुझं तू ठरव."

तिने उपवास केला नाही. चतुर्दशीला मी तिला सकाळी पोहे करून वाढले आणि काही बोलले नाही. खरं सांगते, माझ्या उपवासापेक्षा ते गप्प राहणं मला जड गेलं. संध्याकाळी मात्र ती आपणहून मंदिरात आली. पुढच्या वर्षीचं मला माहीत नाही.

तुमच्या घरी मुलं मोठी झाल्यावर काय करता? जरूर कळवा.