स्वरलेखनाचें सॉफ्टवेअर आणि पेन्शनराचा खिसा

गाण्याचा व्यासंग असलेल्या घरांतून हल्लीं एक प्रश्न वारंवार निघतो. चिजांच्या वह्या जीर्ण झाल्या आहेत आणि घरीं संगणक तर आहे. तेव्हां त्या वह्या संगणकावर उतरवून घेण्यास कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, व त्यापायीं खर्च किती करावा? आम्हांस संगीताचें ज्ञान बेताचें. सारा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला. तरी प्रसंगवशात् या विषयांत शिरावें लागलें, व जें हातीं आलें तें आमच्यासारख्या मर्यादित उत्पन्नाच्या गृहस्थांस उपयोगी पडेल, या समजुतीनें येथें देत आहों.

आमच्या वडील भगिनी आक्का यांनीं चाळीस वर्षें आळींतील मुलींस गाणें शिकविलें. त्यांच्या तीन वह्यांत दोनशेंवर चिजा भातखंडे पद्धतीनें लिहिलेल्या आहेत. शाई फिकी पडली, कागद घडीवर तुटूं लागला, आणि आक्कांच्या दृष्टीस तर आतां अक्षरहि ओळखत नाहीं. कांहीं अंतरे त्यांस गुरुमुखानें जसे मिळाले तसे छापील पुस्तकांत आम्हांस आढळले नाहींत. तेव्हां त्यांच्या देखत या वह्यांची शुद्ध प्रत होणें अवश्य होतें. शिवाय आमची नात व्हायोलिन शिकते. तिला पाश्चात्त्यांची पांच रेघांची लिपिच तेवढी वाचतां येते. ती आक्कांच्या चिजा वाजवूं पाहते, पण वही उघडली कीं थांबते.

बाजारांत चौकशी करितां तीन नांवें प्रथम कानीं आलीं. फिनाले हें १९८८ सालीं निघालें व पस्तीस वर्षांवर संगीतकारांच्या हातीं राहिलें. परंतु ऑगस्ट २०२४ मध्यें त्याच्या चालकांनीं त्याचें काम कायमचें थांबविल्याचें जाहीर केलें. सिबेलियस हें इंग्लंडांतील बेन व जोनाथन फिन या जुळ्या बंधूंनीं १९९३ सालीं काढलें. तें २००६ मध्यें अ‍ॅव्हिड या अमेरिकन कंपनीकडे गेलें, आणि २०१२ मध्यें तिनें लंडनचें कार्यालय बंद केलें. तेथून सुटलेल्या मंडळींस स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनें हाताशीं धरिलें व त्यांच्याकडून २०१६ सालीं डोरिको निर्माण झालें. सिबेलियस व डोरिको हीं दोन्हीं उत्तम आहेत व त्यांच्या मर्यादित विनामूल्य आवृत्त्याहि निघाल्या आहेत. पण पूर्ण आवृत्तीची किंमत नाटक-सिनेमाचें संगीत लिहून पोट भरणाऱ्यास परवडावी अशी आहे. कांहीं ठिकाणीं तर वस्तु विकत न मिळतां सालोसाल वर्गणी भरावी लागते. भाड्याच्या खोलींत कुळाचा देव्हारा मांडावा, तसा हा प्रकार आम्हांस वाटला. घरमालकानें खोली मोडावयास काढली तर देव कोठें न्यावयाचे?

म्हणून आम्हीं किमतीच्या आधीं एक कसोटी ठरविली. लिहिलेला मजकूर त्या सॉफ्टवेअरच्या बाहेर काढतां आला पाहिजे. यासाठीं म्यूझिक-एक्स-एम-एल या नांवाची एक सर्वसामान्य धाटणी आहे. तींत जतन केलेलें लेखन दुसऱ्या सॉफ्टवेअरांत बव्हंशीं जसेंच्या तसें उघडतें. ही सोय नसेल तें सॉफ्टवेअर फुकट मिळालें तरी महागच समजावें.

या कसोटीस उतरलें तें म्यूझस्कोर. वेर्नर श्वेर या जर्मन गृहस्थांनीं २००२ सालीं आरंभिलेलें हें काम आज म्यूझस्कोर स्टुडिओ या नांवानें चालू आहे. तें पूर्ण विनामूल्य असून त्याची घडण सर्वांस पाहण्यास खुली आहे. येथें एक सावधगिरी सांगून ठेवितों: याच नांवाच्या एका संकेतस्थळावर लोकांनीं लिहिलेलीं गाणीं उतरवून घेण्यास वर्गणी मागतात. ती वर्गणी सॉफ्टवेअरची नव्हे. जुन्या संगणकास चौथी आवृत्ति जड जाते. अशांनीं तिसरी घ्यावी. शिकणेंहि कठीण नाहीं. एक कळ दाबून स्वरलेखन सुरू करावें, आंकड्यानें स्वराचा काल व अक्षरानें स्वर द्यावा, एवढाच व्यवहार. लिलीपाँड नांवाचें आणखी एक विनामूल्य साधन १९९६ पासून आहे. त्यांत स्वर सूत्रांसारखे अक्षरांनीं लिहावे लागतात व छपाई फार देखणी उतरते. सूत्रपाठाची संवय असल्यानें आम्हांस तें आवडलें, पण घरांतील सर्वांस जमणारें नव्हे.

म्यूझस्कोरचा खरा लाभ मात्र आम्हीं योजिला होता त्याहून निराळा निघाला. लिहिलेले स्वर तें वाजवून दाखवितें. आक्कांची दृष्टि गेली, तरी कान शाबूत आहे. षड्ज एकदां मूळ पट्टींत लिहून नंतर सर्व लेखन त्यांच्या काळी चारवर चढविलें, कीं त्या ऐकत बसतात. एके दिवशीं भीमपलासांतील चीज लावली. वहींत निषादाखालीं रेघ दिसत नव्हती, म्हणून वहीबरहुकूम शुद्ध निषाद लिहिला होता. दुसऱ्याच ओळींत आक्कांनीं हात वर केला. ‘‘अरे, हा पटदीप झाला. निषाद कोमल आहे. रेघ उडाली असेल बघ.’’ भिंग लावून पाहिलें तों रेघेचा पुसट ओरखडा सांपडला. दोन्हीं रागांत गांधार कोमल. भेद काय तो निषादाचा. एका उडालेल्या रेघेनें एका रागाचा दुसरा राग झाला असता, आणि पुढें शंका विचारावयास कोणी उरलें नसतें.

परंतु पांच रेघांत आपली चीज पुरती मावत नाहीं. मींड व आंदोलन यांचा जीव त्या कोरड्या वाजविण्यांत येत नाहीं, आणि सम-खालीची मांडणी आपल्या मुलींस तेथें डोळ्यांपुढें दिसत नाहीं. त्यांच्यासाठीं देवनागरी प्रत हवीच. तिला मात्र निराळें सॉफ्टवेअर लागत नाहीं. लिबरऑफिस हें विनामूल्य लेखनसाधन घेऊन त्रितालासाठीं सोळा घरांचा तक्ता आंखावा. वर पहिल्या मात्रेवर समेची फुली, पांचवीवर दोन, नववीवर खालीचें शून्य, तेरावीवर तीन. मग एका घरांत एक मात्रा.

राहिलीं स्वरचिन्हें. तीं शोधतांना आम्हांस जो आनंद झाला तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पंडित भातखंडे कोमल स्वराखालीं आडवी रेघ व तीव्र मध्यमावर उभी रेघ देतात. ऋग्वेदाच्या छापील संहितेंत अनुदात्ताखालीं आडवी व स्वरितावर उभी रेघ असते, आणि हीं वैदिक चिन्हें संगणकाच्या देवनागरी वर्णमालेंत पहिल्यापासून समाविष्ट आहेत. तार सप्तकास अनुस्वाराचा बिंदु व मंद्रास अक्षराखालचा नुक्ता चालतो. ग॒, म॑, सां, ऩि असें सारें आपल्याच लिपीच्या सामग्रींतून सिद्ध होतें. विशेष चिन्हांच्या खिडकींतून तीं एकदां उचलून ठेवावीं, म्हणजे झालें.

आजवर ऐंशींवर चिजा याप्रमाणें दोन्हीं लिपींत उतरल्या असून सॉफ्टवेअरपायीं एक पैहि खर्च झाला नाहीं. खर्च झाला तो छपाईच्या कागदाचा, व प्रती निराळ्या ठेवण्यासाठीं घेतलेल्या एका पेनड्राइव्हचा. ज्यांच्या मुलांस वाद्यवृंदासाठीं लिहावयाचें आहे त्यांनीं मोठीं सॉफ्टवेअरें अवश्य पाहावींत. पण ज्यांच्या घरीं जुनी वही आणि ती गाणारें माणूस हीं दोन्हीं अद्याप आहेत, त्यांनीं निवडींत फार दिवस घालवूं नयेत. विनामूल्य मिळतें तें आजच संगणकावर घ्यावें, त्या माणसास शेजारीं खुर्ची द्यावी, आणि ज्या पानाची शाई सर्वांत फिकी झाली असेल त्या पानापासून आरंभ करावा.